नवा मुद्दा, नवा चहा

बाईंच्या माहेरी भांडणालाही कायदा होता, आणि तो बाबांनी केला होता. रेडिओ कुणी पाडला यावरून जुंपलेली असायची, आणि दादा मध्येच पिल्लू सोडायचा, "ही काल शाळा बुडवून फिरत होती!" की बाबांचा हात वर. "नवा मुद्दा, नवा चहा." आई कपाळाला हात लावून पातेलं चढवायची. चहा उकळेपर्यंत कुणी चकार शब्द काढायचा नाही. ज्याच्यावर आरोप, त्यानं तेवढ्यात उत्तर जुळवायचं. काय दिवस होते हो ते! शिक्षा काही चुकायची नाही, पण रुसून झोपल्याचं बाईंना आठवत नाही.

आता बाई पेटंटच्या ऑफिसात सुनावण्या घेतात. त्या दिवशी समोर सुतारकाका बसले होते, कडक इस्त्रीचा शर्ट घालून. जिना चढताना पुढचे पाय आपोआप आखूड होतील असा वॉकर त्यांनी बायकोसाठी बनवला होता. त्याला पेटंट मिळू नये म्हणून एका बड्या कंपनीनं हरकत घेतली होती. पेटंट गेलं, तर तोच वॉकर कंपनी विकणार आणि काका नुसते बघत बसणार. लेखी हरकतींना काकांनी चोख उत्तरं दिली. सगळं आटोपत आलं, तेवढ्यात कंपनीच्या वकिलांनी बॅगेतून एक जुनं चित्र काढलं.

"जाता जाता एकच. यांच्या वॉकरच्या पायातला हा सांधा फार पूर्वीपासून आहे."

काकांचा चेहरा खर्रकन उतरला. "हे... हे मी आत्ताच बघतोय."

आणि बाईंच्या तोंडून निघून गेलं, "नवा मुद्दा, नवा चहा!"

वकील बघतच राहिले. शिपाईमामा मात्र हुकमाचे ताबेदार, ते चहा आणायला निघालेसुद्धा. बाईंनी जीभ चावली, पण मागे हटल्या नाहीत. "यांनी चित्र आज पहिल्यांदा पाहिलंय. महिन्याभरात उत्तर देतील, मग पुन्हा बसू."

"पण मॅडम, माझा मुद्दा खरा आहे!"

"असेल ना. खरा असेल तर महिन्याभरात खोटा थोडाच होणार आहे?"

पुढच्या तारखेला काका आले ते तयारीनिशी. "सांधा जुनाच आहे, त्यावरचा दावा मी सोडला. पण पाय आपोआप आखूड होतात, ते या चित्रात कुठंय?" वकिलांनी चित्र उलटसुलट करून पाहिलं. नव्हतंच. बाईंनी त्या आपोआप आखूड होण्यापुरतं पेटंट मंजूर केलं.

निघताना काका दारात थबकले. "मॅडम, ते चहाचं कुणाचं हो?"

"माझ्या बाबांचं." बाईंचा आवाज एकदम हळवा झाला. "शेवटच्या आजारात डॉक्टर रोज म्हणायचे, नुसता अशक्तपणा आहे. एक दिवस म्हणाले, आता आमच्या हातात काही नाही. दादा रडायलाच लागला. तर बाबा म्हणतात, 'अरे, नवा मुद्दा आहे. चहा टाका.'"

"मग?"

"मीच टाकला. आणि गॅस बारीक केला, काका. होईल तेवढा बारीक."