वात्सेकची अळंब्यांची जागा

आम्हा पोलिश लोकांत माणूस एक वेळ घराची किल्ली देईल, पण रानात अळंब्या कुठे सापडतात ते सांगणार नाही. सख्ख्या भावालाही नाही. जागा दाखवतात ती दोनदाच: मरायला टेकल्यावर, नाहीतर गाव कायमचं सोडताना.

माझा नवरा वात्सेक कवी आहे. युद्धानंतर आम्ही लंडनलाच राहिलो आणि मायदेशी त्याच्या कवितांवर बंदी आली. तेव्हापासून तो एका हॉटेलात चांदीचे काटे-चमचे घासतो आणि घासता घासता ओळी जुळवतो. शेजारी आमच्या जुन्या सैन्यातले कर्नल बाबिन्स्की किटल्या घासतात. मी टोप्या शिवते. खिडकीत दोन कुंड्या शेपू आहे, रविवारी चर्चबाहेर भांडायला आपली माणसं आहेत. मी सुखात आहे आणि ते सांगायची मला लाज वाटत नाही. एकदा मोडलेला संसार मी पुन्हा मांडलाय.

सत्तावन्नच्या ऑक्टोबरात वॉर्साहून गेनेक आला. वात्सेकचा कॉलेजातला मित्र, आता सरकारी प्रकाशनात बडा साहेब.

"परत चल," तो म्हणाला. "आता बंदी उठलीय. पाच हजार प्रती काढतो. इथे तुला वाचतं कोण? तो कर्नल?"

"कर्नलसाहेब वाचत नाहीत, फक्त चुका काढतात," वात्सेक हसून म्हणाला.

पण दुसऱ्या दिवशी दाढी करताना तो "पाच हजार, पाच हजार" असं पुटपुटत होता. मी ऐकलं.

"तुला जायचं तर जा," मी म्हटलं. "मी पुन्हा घर मोडणार नाही."

त्याने वस्तरा धुतला आणि झालेल्या गालालाच पुन्हा साबण लावला. त्याचीच मला जास्त भीती वाटली.

शनिवारी दोघे टोपल्या घेऊन लंडनबाहेरच्या रानात गेले. वात्सेकची जागा मीसुद्धा कधी पाहिलेली नाही. दर वर्षी तो टोपली भरून आणतो, पण विचारलं तर ताकाला तूर लागू देत नाही.

दुपारी गेनेक एकटाच परतला. बुटांना चिखल, टोपली अर्धी.

"वात्सेक मागे राहिलाय, येईल सावकाश. पण लुदका, त्याने मला जागा दाखवली! ओढ्याकाठी, वीज पडलेल्या ओकखाली. आता ठरलंच म्हणायचं. तूही सामान बांधायला घे."

गेनेक गाडी गाठायला निघून गेला आणि मी अर्धवट चिरलेल्या कांद्यासमोर बसून राहिले. दुःख होतंच, पण संतापही होता. बायकोला नाही, आणि या कोटवाल्याला दाखवली!

दिवस मावळताना वात्सेक आला. टोपली काठोकाठ भरलेली, सगळ्या कोवळ्या, तपकिरी टोपीच्या.

"कधी निघतोयस?" मी विचारलं.

"कुठे?"

"वेड पांघरू नकोस. गेनेकला जागा दाखवलीस ना?"

"दाखवली की. कर्नलसाहेबांची."

मी त्याच्याकडे बघतच राहिले. "म्हणजे त्याच्या तोंडाला पानं पुसलीस?"

"जुना मित्र आहे गं. तोंडावर नाही म्हणवेना, आणि रिकाम्या हाती कसा पाठवू? उद्या पत्र लिहून कळवतो."

"आणि कर्नलसाहेबांची जागा तुला कशी ठाऊक?"

"चार वर्षं चोरपावलांनी त्यांच्या मागे जातोय. कळलं तर तोफेच्या तोंडी देतील."

मला हसू आलं आणि रडूही. तो टोपली ठेवून समोर बसला.

"मोह झाला होता, लुदका. खोटं नाही सांगत. पाच हजार माणसं! पण तो अकरा कविता गाळायला सांगत होता. आणि तू नसलेल्या घरात उरलेल्या तरी वाचून दाखवायच्या कुणाला?"

मी डोळे पुसले. त्यावर तो अपराधी चेहऱ्याने म्हणाला, "तुला राग आलाय. उद्या तुला माझी खरी जागा दाखवतो."

"खबरदार!" मी हातातली सुरी उगारून ओरडले. "दाखवलीस तर याद राख!"

मग मी लोण्यात कांदा परतला, अळंब्या टाकल्या, वरून शेपू घातला. कर्नलसाहेबांनाही जेवायला बोलावलं. त्यांनी दोनदा वाढून घेतलं.

याला आता पंधरा वर्षं झाली. वात्सेकचे गुडघे दुखतात, तरी शरद आला की तो टोपली घेऊन एकटा निघतो. ती जागा मी अजून पाहिलेली नाही, आणि ती कधी दिसू नये, एवढंच देवाकडे दर वर्षी मागते.