एसीच्या सुरातला बेंजो

“जरा पुढे घ्या ना,” सिराजुद्दीन म्हणाला. “माझा बेंजो अजून आला नाय.”

चारुदत्तने मोबाइलवरचं गाणं पुढे सरकवलं. सौदीतल्या रास अल खैरच्या, समुद्राचं पाणी गोडं करायच्या प्लांटवर दोघे एकत्र कामाला. चारुदत्त नाशिकचा इंजिनियर, सिराजुद्दीन रत्नागिरीकडचा पंप मेकॅनिक. शुक्रवारची नमाज आटोपून सिराजुद्दीन थेट चारुदत्तच्या खोलीवर आला होता.

गेल्या हिवाळ्यात डेन्मार्कची तिघा जॅझवाल्यांची मंडळी रियाधला आली, तेव्हा चारुदत्तनेच त्याला बेंजोसकट तिथे नेलं. लग्नाच्या वरातीत बटणं दाबून वाजवायचा तो बेंजो ऐकून मंडळी खूश. नव्या अल्बमसाठी त्यांनी देशोदेशीच्या वादकांकडून वाजवलेले तुकडे रेकॉर्ड करून मागवले, त्यात याच्याकडूनही. गड्याला आकाश ठेंगणं झालं. गावी त्याच्या बायकोने, शरीफाने तर वाडीभर सांगून ठेवलं.

पण माणूस सवयीचा गुलाम. अकरा वर्षं कॅम्पच्या खोलीतला एसी कधी बंद झाला नव्हता, आणि सिराजुद्दीन बेंजोच्या तारा सुरात लावायचा त्या एसीच्या घरघरीवर. पंपाच्या आवाजावरून त्याचं दुखणं ओळखणारा कान तो. त्याने रेकॉर्डिंगही एसी चालू ठेवून, त्याच सुरात करून धाडलं.

अल्बममधलं ते गाणं संपलं. बेंजो नव्हताच. चारुदत्तने त्यांची मेल उघडून वाचली आणि नुसताच चष्मा पुसत बसला.

“काय लिवलानी?”

“तुमचा सूर त्यांच्या पियानोशी जुळेना. काढावा लागला म्हणतात.” चारुदत्त अडखळला. “पण एसीचा आवाज आवडला त्यांना. सुरुवातीची ती घरघर तुमच्या खोलीची आहे. नाव दिलंय तुमचं.”

या परमुलखात स्वतःचं म्हणावं असं सिराजुद्दीनकडे बेंजो वाजवणं तेवढं एकच होतं, आणि नेमकं तेच कुणाला नको होतं. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेवढ्यात शरीफाचा व्हिडिओ कॉल आला. स्वतः ऐकायच्या आधीच त्याने तिला सकाळी अल्बम पाठवला होता. तिच्या मागे पडवीत शेजारपाजारची माणसं बसलेली दिसली.

“ऐकलाव आमी,” ती घाईने म्हणाली. “लय गोड वाजवलात बेंजो. सगळ्यांनी ऐकलानी.”

मागे कुणीतरी हसलं. शरीफाने मान वळवून त्याला दटावलं.

“आवाज नीट आला ना?” सिराजुद्दीनने विचारलं.

“आला तर. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.”

“मग झालं तर,” तो म्हणाला आणि त्याने मोबाइल छताकडे वळवला. शरीफा त्या छताशी बोलत राहिली.