चेंडूशिवाय धावणारा नवनाथ

माघातलं ऊन दौंडच्या मैदानावर तिरपं उतरलं, की चेंडूपासून पार वीस-पंचवीस पावलं दूर, भुरकट धुळीचा एक बारीक पट्टा उठायचा. चेंडू डाव्या कोपऱ्यात, आरडाओरडा डाव्या कोपऱ्यात, माझ्यासकट सगळ्यांच्या माना डाव्या कोपऱ्यात वळलेल्या. आणि तो पट्टा मात्र उजवीकडे, कुणाचंच लक्ष नसलेल्या जागी उठायचा आणि तसाच निमूट खाली बसायचा. त्या धुळीच्या पुढे नवनाथ धावत असायचा.

शिरूर आणि दौंड अशा दोन तालुक्यांच्या पोरांचा मिळून आमचा एक फुटबॉल संघ आहे. नवनाथ त्यातला निमोण्याचा. आठवडाभर कारखान्यात शिफ्ट करायची आणि रविवारी मोटारसायकलला बूट लटकवून दौंड गाठायचं, असा त्याचा कित्येक वर्षांचा नेम. मी रेल्वेतून निवृत्त झालेला, खेळाशी संबंध एवढाच की संघाची वही माझ्याकडे. तिच्यात प्रत्येक खेळाडूच्या नावापुढे दोन रकाने, एक गोलचा आणि दुसरा असिस्टचा, म्हणजे गोलाआधीचा शेवटचा पास ज्याने दिला त्याचा. हे रकाने पट्टी लावून, लाल शाईने मीच आखले होते, आणि त्यांचा मला कोण अभिमान! आज ती लाल रेघ दिसली तरी डोकं उठतं.

नवनाथच्या अंगात देखणं असं काही नव्हतं. किंचित वाकलेले खांदे, मान अर्धवट मागे वळलेली आणि उजवा हात असा पुढे केलेला, की आता चेंडू आपल्याकडेच येणार याची त्याला शंभर टक्के खात्री आहे असं वाटावं. समोरच्या संघाच्या दोन बचावपटूंना ती खात्री पटायची. ते त्याच्यामागे धावत सुटायचे, मधे अंगणाएवढी जागा मोकळी व्हायची, आणि त्या जागेत आमचा अजित निवांत उभा राहून गोल मारायचा. मग अजितच्या अंगावर सगळे झेपावत, मी वहीत रेघ ओढत असे, आणि नवनाथ दूर एकटाच उभा राहून टाळ्या वाजवी.

ही विद्या त्याला कुठल्या प्रशिक्षकाने दिली नव्हती. त्याच्या घरात पूर्वी मेंढरं होती. आता शेती आहे, तरी त्याच्या वडिलांनी, आबांनी, वीसेक मेंढ्या हौसेनं राखल्या आहेत. एकदा निमोण्याला गेलो असताना मी आबांना पाहिलं होतं. हाक नाही, दगड नाही. काठी खांद्यावर आडवी टाकून ते नुसते बांधाच्या एका अंगाला चार पावलं सरकले आणि सगळा कळप दुसऱ्या अंगाला वळला. मी तोंडात बोट घातलं तेव्हा आबा म्हणाले, "मेंढराला हात लावायचा न्हाई, आप्पा. आपुन कुठं हुबं ऱ्हायचं, तेवढंच बघायचं." मी मान डोलावली, चहा प्यालो आणि घरी आलो. डोळ्यांसमोर उलगडून दाखवलेली गोष्ट मला कळली नाही, याचा संताप मी आता कुणावर काढू?

मग जिल्ह्याच्या संघाची निवड आली. नवनाथच्या साहेबांनी सांगून ठेवलं होतं, की निवडीचं पत्र आणलंस तर रविवार मोकळा, नाहीतर यापुढे रविवारीही शिफ्ट. म्हणजे निवड झाली नाही तर नवनाथचा फुटबॉल संपला. हे मला पक्कं ठाऊक होतं. निवड करायला तिघं आले. त्यांनी वर्षभरात आमचा एक सामनाही पुरता पाहिला नव्हता. प्लॅस्टिकच्या खुर्च्यांत बसून त्यांनी माझी वही मागितली. अजितच्या नावापुढे रेघांची दाटी. नवनाथच्या नावापुढे वर्षभरात एकच रेघ.

"आप्पा, ह्यो गडी मैदानात करतो तरी काय?"

"चांगला खेळतो हो," मी म्हणालो.

"मग वहीत कुठं हाय?"

मी माझ्याच हातची ती एक रेघ बोटाने दाखवली. गोल कसा झाला हे विचारायला हवं होतं त्यांनी; आणि न विचारता सांगायला हवं होतं मी. त्यांनी अजितचं नाव लिहून घेतलं, वही मिटली आणि भजी मागवली.

पुढच्या रविवारपासून नवनाथ आला नाही. मैदान तेच, पास देणारे तेच. पण अजितकडे चेंडू आला, की समोरचे दोन्ही बचावपटू आता त्याच्या अंगाला चिकटलेले असत. मध्यंतरात तो घाम पुसत माझ्यावरच खेकसला, "आप्पा, ग्राउंड बारकं केलंय का कुणी?" जिल्ह्याच्या संघातही त्याची तीच गत झाली. त्याचा फॉर्म गेला, असं त्या तिघांनी जाहीर केलं. ऐकून कपाळावर हात मारला मी.

शेवटी वही काखेत मारून निमोण्याला गेलो. नवनाथ शिफ्टवरून नुकताच आला होता, ओसरीवर बसून बूट काढत होता. "चुकलं माझं," मी म्हणालो. तो रागावला असता तर बरं वाटलं असतं. तो हसला.

"तुमचं काय चुकलं, आप्पा? तुम्ही चेंडूकडं बघत व्हता. मी तिकडं नव्हतोच की."

घरी येऊन मी वहीत तिसरा रकाना आखला. त्याच्या डोक्यावर काय लिहावं, हे मला अजून सुचलेलं नाही. सामना सुरू झाला, की आता मी चेंडू सोडून उजवीकडे बघत बसतो. ऊन तसंच तिरपं उतरतं, पण धुळीचा पट्टा उठत नाही. माणूस गेला की मागे त्याची जागा रिकामी उरते, असा माझा आजवरचा समज होता. नवनाथ गेला, आणि आमच्या मैदानावर होती तेवढी रिकामी जागा बुजून गेली.