जहाजावरचा राघव

आमच्या घरी दोन राघव होते. एक माझा नातू आणि दुसरा मी बनवलेला. दुसरा खऱ्यापेक्षा चार बोटं उंचच होता.

खरा राघव पंधराव्या वर्षी मित्रांबरोबर कुणाचीतरी स्कूटर पळवताना पकडला गेला. मुलांच्या कोर्टानं घरी सोडलं, पण दोन वर्षं दर महिन्याला प्रोबेशन ऑफिसरकडे हजेरी लावायची आणि पत्ता बदलला तर कळवायचं, ही अट घातली. दिल्लीत सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये शेजारच्या प्रभाला सगळं दिसायचं. म्हणाली, "काकू, राघव कुठे जातो हो दर महिन्याला?" मी म्हटलं, "बोटीवरच्या नोकरीच्या क्लासला."

वर्षभरानं विनयनं, माझ्या मुलानं, गाझियाबादला फ्लॅट घेतला. सहा मजल्यांची कोरी सोसायटी, पण राहायला आलो चारच घरं. बाकी दारांना कुलपं. भर दुपारी जिन्यात पावलं वाजायची. क्वार्टर सोडून निघताना प्रभा रडायला लागली, तेव्हा मी राघवला जहाजावर चढवूनच टाकलं. "आफ्रिकेला गेला गं. पत्ता काय देऊ, बोट एका जागी थांबते का?"

राघव एकोणीस वर्षांचा झाला, नोएडाला कंप्यूटरच्या कंपनीत लागला. कंपनी सिंगापूरला पाठवणार होती. पासपोर्टसाठी पोलिसांची चौकशी निघाली. हवालदार चहा पिऊन झाल्यावर म्हणाला, "माताजी, आपके पोते का तो वॉरंट है. पुराने पते पर पड़ोसन ने लिखवाया है, लड़का जहाज़ से विदेश भाग गया."

प्रभानं माझ्या गोष्टीतला एक शब्दही गाळला नव्हता.

त्या दिवसापासून समोरच्या कुलूपबंद फ्लॅटच्या बाल्कनीत तो दुसरा दिसायला लागला. पांढरा गणवेश, कठड्याला रेललेला, आमच्या दाराकडे बघत. मी सुनेला, कल्पनाला सांगितलं. ती म्हणाली, "आई, गोष्टी पुरे हं आता."

वकील म्हणाले, स्वतःहून हजर व्हा. गुन्हा लहानपणीचा, म्हणून कोर्टही मुलांचंच. दारावरच्या शिपायानं राघवच्या मिशा बघून विचारलं, "किस बच्चे के साथ आए हो?"

राघव म्हणाला, "बच्चा मैं ही हूँ."

आत बाकं बुटकी. त्याचे गुडघे हनुवटीला लागत होते. मॅजिस्ट्रेट बाईंनी फाइल उघडली.

"हाज़िरी क्यों छोड़ी?"

राघव बुटाची लेस ओढत राहिला.

"जवाब नहीं दोगे तो आज यहीं से जेल जाओगे."

तो बुटांकडे बघत बसला. का बोलत नाही, ते मला माहीत होतं. नव्या घरी आल्यावर हजेरीच्या आदल्या दिवशी त्याला उलट्या व्हायच्या. मला बघवेना. एकदा सगळे घरी आल्यावर मी सांगितलं, "दुपारी ऑफिसर येऊन गेला. चहा घेतला. म्हणाला, फाइल बंद झाली, आता यायचं नाही." विनय-कल्पनानं मानलं, कारण त्यांना मानायचंच होतं. राघव तर आठ दिवस गात होता. वॉरंटचं कळलं तेव्हा त्याला माझा खोटेपणा उमगला असणार. पण आजीचं नाव त्याच्या तोंडून निघेना.

मागे वळून बघितलं तर तो दुसरा दाराशी उभा होता. पांढऱ्या कपड्यांतून पाणी ठिबकत होतं. शिपायाच्या पायाशी थारोळं झालं, शिपायाला पत्ता नाही.

मी उठले. "मैडम, इसको मैंने झूठ बोला. पड़ोसन को भी." मग सगळं सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा काही न वाढवता. कसं कोरडं वाटत होतं बोलताना. बाई लिहीत गेल्या. दाराशी उभा होता तो फिका होत होत पुसून गेला.

वॉरंट रद्द झालं. उरलेल्या अकरा महिन्यांच्या हजेऱ्या मात्र पूर्ण करायच्या. सिंगापूर हुकलं. बाईंनी मलाही बजावलं, "अब इससे सच ही बोलिएगा."

परतताना रिक्षात राघवनं माझा हात धरून ठेवला होता. रागावलास का विचारलं, तर मान हलवली. "नाही गं आजी."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो आंघोळीसाठी नळाच्या पाण्याची वाट बघत थांबला होता. मी स्वयंपाकघरातून म्हटलं, "राघव, पाणी आलंय रे."

"अच्छा," म्हणाला तो. मग आत येऊन माझ्यासमोर नळ सोडून बघितला.