घोंगडी अंथरली की शाळा भरली

मित्रांनो, जरा हात लावून बघा. टोचले ना? टोचणारच. मी एक जुनी घोंगडी आहे. काळी, जाड, मेंढीच्या लोकरीची. माझ्या दशा आता झडल्या आहेत, पाठीवर एक जळका डाग आहे आणि एका कोपऱ्यावर शाई सांडून वाळली आहे. तरी माझ्या अंगात ऊब आहे. आणि तुमच्यापासून काय लपवू, त्या उबेइतकाच हेवाही आहे. माझ्या अंगावर बसणारं लेकरू दुसऱ्या कशावर बसलेलं मला सोसत नाही.

माझा जन्म नळदुर्गाच्या पलीकडचा. तिथली माणसं मराठी बोलता बोलता कधी कानडीत शिरतात ते त्यांनाही कळत नाही. मल्लम्मा नावाची म्हातारी अंगणात पाय पसरून लोकर कातायची आणि तिचा लेक शिवशरण मागावर बसून मला विणायचा. विणून झाल्यावर त्यानं मला चिंचोक्याची खळ पाजली आणि कडक उन्हात ताणून वाळवलं. अंग असं ताठ झालं की उभी केली तर पडणार नाही! कातताना मल्लम्मा गायची,

काळी माझी घोंगडी गं, चार कोपरं चौघांला,
मधली ऊब राखली, आल्या-गेल्या पाव्हण्याला.

लहानपणी ऐकलेलं गाणं कुणाला लगेच कळतं? मलाही कळलं नाही.

बाजारातून मला बब्रुवान तात्यांनी घरी आणलं. जळकोटच्या रस्त्याला लागून त्यांचं रान आहे. पाव्हणा आला की तात्यांची बायको सिताबाई मला ओसरीवर अंथरायची. चप्पल घालून माझ्यावर पाय द्यायची कुणाची छाती नव्हती. दिवस चांगले होते. मग घरात सोफा आला. पाव्हणे सोफ्यावर बसू लागले, आणि मी कडब्याच्या खोलीत, बियाण्याच्या पोत्यावर पांघरलेली. त्या सोफ्यावर माझा पहिला राग. अजून गेला नाही.

कोरोनाच्या साली शाळा बंद पडल्या. शिकवणी फोनवर सुरू झाली, पण आमच्या शिवारात फोनला रेंज मिळायची ती फक्त लिंबाच्या शेंड्यावर. तेव्हा शेजारच्या दीपालीकाकूंनी पोरांना घरी बोलावलं. त्यांची स्वतःची शिवांजली, तात्यांचा नातू कृष्णराज आणि पंचायत समितीत नोकरीला असलेल्या अमरसिंहांचा मल्हार. मल्हारची धाकटी बहीण अर्पिता तेव्हा रांगायचं सोडून नुकती चालायला लागली होती. पोरांना बसायला काय, म्हणून सिताबाईंनी मला झटकून बाहेर काढलं.

मित्रांनो, तो दिवस मी कशी विसरेन?

पुढं शाळा उघडल्या, पण ही पोरं घरीच शिकत राहिली. आईबापांनी मिळून तसं ठरवलं. दिवस वाटून घेतले. काकूंच्या घरी विज्ञान आणि भाषा, अमरसिंहांच्या ओट्यावर गणित. तात्यांच्या रानात बांध मोजणं, पाण्याचा अंदाज, बियाणं ओळखणं. ज्या घरी शाळा, त्या घरी मी. कृष्णराज मला सायकलच्या कॅरिअरला बांधून न्यायचा. पोरांनी आपणच एक रीत पाडली. मला अंथरली की शाळा भरली. चौघांनी चार कोपरे धरून मला झटकली की शाळा सुटली. त्याआधी कुणी बसायचं नाही, त्याआधी कुणी उठायचं नाही. चौथा कोपरा अर्पिताचा. चिमुकल्या मुठीत तो मावायचा नाही, आणि झटका बसला की ती स्वतःच उडून माझ्यावर पडायची.

शाईचा डाग शिवांजलीचा. जळका डाग फटाके बनवणाऱ्या तेरखेड्याच्या फुलबाजीचा. कुठल्या धातूचा कुठला रंग पडतो हे काकू दाखवत होत्या आणि एक ठिणगी माझ्या पाठीवर पडली. काकूंनी रात्री नाही, तिथंच, धडा थांबवून मला रफू केलं. शिवांजलीचे चुलते गावभर हसायचे, "घोंगडीवर बसून कोण साहेब झालाय बाबा?" त्यांचं बोलणं काकूंना माझ्या लोकरीसारखं टोचायचं. मला मात्र त्यात माझं नाव आलं याचाच आनंद व्हायचा.

पोरं मुक्त विद्यालयाची हिवाळ्यातली दहावी पास झाली. तिघंही. त्याच आठवड्यात आईबापांची बैठक भरली. प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर, बरं का. मी शेजारी घडी होऊन ऐकत होते.

"पोरांचा निरोपाचा कार्यक्रम झाला पाहिजे," अमरसिंह म्हणाले. "जळकोटात कार्यालय घेऊ. स्टेज, खुर्च्या, हार. पोरांला काळे झगे आणि त्या चौकोनी टोप्या, कॉलेजवाल्यांसारख्या."

"आन् दाखला?" तात्यांनी विचारलं. "शाळा सोडल्याचा दाखला कोण द्यायचा? हितं शाळाच न्हाय, मग पोरांनी सोडायचं काय?"

काकू पदराच्या टोकाशी चाळा करत हळू आवाजात म्हणाल्या, "तेच तर तात्या. पोरं शिकली हे लोकांच्या डोळ्याला दिसायला पाहिजे. न्हायतर जन्मभर म्हणतील, ह्यांची लेकरं शाळंतच गेली न्हाईत."

"दिसंल की," अमरसिंह म्हणाले. "फक्त एक काम करा वहिनी. त्या दिवशी ती घोंगडी कुठं दिसू देऊ नका. फोटोत आली तर तुमच्या दिराला आयतंच सापडंल, बघा, घोंगडीवरची शाळा."

काकूंनी मान डोलावली. निदान त्यांनी तरी बोलायला हवं होतं.

तारीख ठरली. नशीब असं की त्या तारखेला कार्यालय मोकळं होतं. सोलापूरच्या दुकानात झगेही मोकळे होते. अमरसिंह हरखून गेले. "हॉलबी मोकळा, झगंबी मोकळं! देवच पावला म्हणा की." कुणाच्या मनात आलं नाही की एवढं सगळं त्याच दिवशी मोकळं का आहे.

झगे खोक्यातून आले. सिताबाईंनी एक उलगडून उन्हाकडे धरला. काळा. माझाच रंग! पण कसा चमचमणारा, कसा गुळगुळीत, हातातून पाण्यासारखा निसटणारा. गळ्याला सोनेरी पट्टी, टोपीला गोंडा. शिवांजलीनं तो गालाला लावला आणि म्हणाली, "आजी, किती मऊ हाय गं!"

मित्रांनो, माझ्यावर लोळून वाढलेली पोर ही. तिनं मला कधी मऊ म्हटलं नव्हतं.

सिताबाई टोपीकडे बघत राहिल्या. "आन् ह्यो पाट कशाला वरनं? डोस्क्यावर पाट घिऊन पोरं जेवायला बसणार हायत काय?"

सगळे हसले. मला त्या क्षणी सिताबाईंच्या पाया पडावंसं वाटलं. पण पुढच्याच क्षणी त्यांनी काय करावं? झग्यांना धूळ लागू नये म्हणून खोक्यावर मलाच गुंडाळलं! माझी ऊब आणि माझ्या पोटाशी माझीच सवत. आतून तिचा परक्या साबणाचा वास यायचा. मी विचार करायची, ही कुणाच्या सर्दीत पांघरूण झालीय? कुणाचं लेकरू हिच्यावर पेंगलंय? भाड्याची ती, आज ह्याच्या अंगावर, उद्या त्याच्या. आणि मान तिचा! मला हात असते तर तिची एक एक शिवण उसवली असती.

कार्यक्रम तोंडावर आला आणि सिताबाई आंबिलीसाठी ज्वारी काढायला बसल्या. काकू आमंत्रणं देऊन दमून आल्या होत्या. "लोक नुसतं 'बघू' म्हणतात हो," त्या म्हणाल्या. "येतो म्हणून कुणी सांगत न्हाय."

"कसं सांगतील?" सिताबाई म्हणाल्या. "त्या दिवशी येळवस न्हाय का?"

काकूंच्या हातातलं पाण्याचं तांब्या-भांडं तसंच राहिलं.

तुमच्यातल्या लांबच्या मित्रांना सांगते. येळवस म्हणजे वेळ अमावास्या. त्या दिवशी आमचा सगळा जिल्हा रानात असतो. ज्वारीच्या कडब्याची झोपडीवजा कोप करून तिच्यात पूजा मांडायची, ताकातली आंबील, शेंगा-भाज्यांची भज्जी आणि बाजरीचे उकडलेले उंडे पोटभर खायचे, वाटेनं जाणाऱ्यालाही हाताला धरून जेवायला बसवायचं. गावात कुत्रंही राहत नाही. म्हणून तर कार्यालय मोकळं होतं, म्हणून तर झगे मोकळे होते. शाळेच्या सुट्ट्यांची यादी या घरांत येत नव्हती. सगळ्यांनी तारीख बघितली, तिथी कुणी बघितलीच नाही.

अमरसिंहांनी कपाळावर हात मारला. "आता पुढं ढकलावं तर झगे दुसऱ्या दिवशी परत द्यायचेत."

"मग रानातच करा की," तात्या म्हणाले. "माणसं हॉलात येत न्हाईत, पर आंबिलीला न्हाय म्हणणारा अजून जन्माला यायचाय."

असं सगळं आमच्या रानात आलं. आपापल्या शेतातली पूजा उरकून माणसं तात्यांच्या कोपीकडे जमू लागली. शिवांजलीचे चुलतेही आले आणि येता येताच हाताला एक उंडा लागला म्हणून गप्प होते. मीही गेले, पण कशी? खोक्याचं पांघरूण म्हणून. खोकं उघडलं, झगे निघाले आणि मला बांधावर फेकून दिलं.

तिथून मी बघत होते. कोपीसमोर भाड्याची नवी कोरी हिरवी चटई. तिघं पोरं झगे घालून आली. वारा सुटला होता. मल्हारची टोपी उडून हरभऱ्यात पडली. झग्याच्या घेराला कुसळं लागली. जरा बरं वाटलं मला. पण किती छान दिसत होती पोरं! तेच सोसवत नव्हतं. माझ्याशिवाय इतकं छान दिसायचं काय अडलं होतं?

"बसा," काकू म्हणाल्या.

पोरं उभीच.

"अरे बसा की. माणसं थांबलीत."

कृष्णराजनं शिवांजलीकडे बघितलं, शिवांजलीनं मल्हारकडे. पाय वळेनात. इतक्या वर्षांची सवय, ती झगा घातल्यानं थोडीच जाते? कृष्णराज चाचरत म्हणाला, "काकू, घोंगडी...?"

"आज तरी नको रे बाबा!" अमरसिंह दबक्या आवाजात म्हणाले.

तेव्हा शिवांजली चुलत्यांच्या देखत, मोठ्यानं अमरसिंहांना म्हणाली, "काका, शाळा भरल्याबिगर सुटती कशी?"

मग काकू उठल्या. बांधापर्यंत चालत आल्या, मला उचललं, माझ्यावरची माती पदरानं पुसली आणि त्या हिरव्या चटईवर मला स्वतःच्या हातानं अंथरलं. फोटोवाल्यासमोर. दिरासमोर. अर्पितानं माझा कोपरा सरळ केला. पोरं बसली.

जिंकले, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं. पण त्यांच्या आणि माझ्या मध्ये तो गुळगुळीत झगा होता! माझ्या लेकरांचा स्पर्श मला मिळत नव्हता. मग मी जे येतं ते केलं. टोचले. कापडातून टोचले. मल्हार खाजवायला लागला, शिवांजली हसली आणि माझे काळे केस त्या सवतीच्या अंगभर चिकटले. जा म्हणावं सोलापूरला, माझी खूण घेऊन!

हार झाले, टाळ्या झाल्या. काकू बोलायला उभ्या राहिल्या आणि अडखळल्या. हातात द्यायला काहीच नव्हतं. "दाखला..." एवढंच म्हणाल्या.

तात्या आंबिलीचा वाडगा खाली ठेवून म्हणाले, "दाखला हाय की त्यांच्या बुडाखाली. उठा रे पोरांनो. झटका."

पोरांनी एकमेकांकडे बघितलं. झग्याच्या लांब बाह्यांत हात अडकत होते. शिवांजलीनं झगा काढून कोपीवर टाकला. मग दोघांनीही. साध्या कपड्यांत तिघांनी तीन कोपरे धरले, चौथा अर्पितानं. एक झटका. उंडे-भाकरीचा चुरा, कुसळं, धूळ, सगळं उन्हात उडालं. आता अर्पिता पडली नाही. घट्ट उभी राहिली.

"शाळा सुटली," काकू म्हणाल्या. तोंडाला पदर लावून.

चुलते हात पुसत पुढं आले. मला वाटलं, आता हा हसणार. ते म्हणाले, "वहिनी, औंदा आमच्या धाकट्यालाबी धाडावं म्हणतो."

पोरांनी माझी घडी घातली. मल्हार आपला कोपरा घेऊन चालत आला, मग कृष्णराज, शेवटी शिवांजली. तिघांचे तीन कोपरे अर्पिताच्या हातात आले. शिवांजलीनं आपल्या कोपऱ्यावर, शाईच्या डागावर, गाल टेकला. मऊ म्हणाली नाही.

चार कोपरं चौघांला. मल्लम्मा, आत्ता कळलं गं.

झगे परत गेले. जून आला तशी पोरं लातूरला वसतिगृहात गेली. आता मला त्यांच्या तिथल्या गादीचा हेवा वाटतो, वर्गातल्या बाकांचा वाटतो, बसच्या सीटचासुद्धा. हा हेवा जायचा नाही. लोकरीतच आहे तो.

मित्रांनो, तुमच्या घरीही एखादी घोंगडी असेल. तिला डांबराच्या गोळ्या घालून पेटीत कोंडू नका. अधूनमधून ऊन दाखवा, अंथरा, तिच्यावर सांडा, भांडा. अर्पिता मला रोज अंथरते. एकटीच चारी बाजूंनी पळून माझे कोपरे सरळ करते. चुलत्यांचा धाकटा आला आहे, झटकताना एक कोपरा तो धरतो, एक तात्या. पण तात्यांची कंबर आता वाकत नाही, आणि चौथा कोपरा जमिनीला घासतोच.

तो कोपरा धरायला या. येताना चप्पल मात्र बाहेर काढा.