पिशवीतल्या मोबाइलने नकली ठरवलेला गॉगल

मित्रांनो, मी एक जुना गॉगल आहे आणि मी पोलराइज्ड आहे. ही दुसरी गोष्ट आधीच सांगून टाकतो, कारण ती माझ्याखेरीज आता एकाच माणसाला ठाऊक आहे आणि तो माणूस ती कधीच बोलणार नाही.

माझा जन्म कारखान्यात झाला. माझ्या प्रत्येक भिंगात दोन थरांच्या मधे एक अगदी पातळ पडदा बसवलेला आहे. ऊन पाण्यावर आपटून जी चकाकी डोळ्यांत घुसते ती हा पडदा अडवतो आणि बाकीचा उजेड आत येऊ देतो. एवढंच माझं काम. मी दिसायला फार काळा नाही. दुकानातल्या इतर गॉगलांपुढे तर मी फिकाच वाटायचो.

गिरगावातल्या एका दुकानातून मला आकांक्षाने घेतलं. तिचा तो पहिला पगार होता. तिचे वडील दत्ताराम भाऊच्या धक्क्यावरच्या एका लाँचीचे सारंग होते, म्हणजे लाँच तेच चालवायचे. माझगावच्या चाळीत, खोलीच्या दारातच तिने मला त्यांच्या डोळ्यांवर चढवलं.

"बाबा, चारच्या फेरीला समोरून ऊन लागतं ना तुम्हाला? आता नाही लागणार."

"ह्या वयात मी गॉगल लावून फिरू गो?" असं ते म्हणाले खरे, पण दुसऱ्या दिवसापासून त्यांनी मला नाकावरून उतरवलं नाही.

पुढची सहा वर्षं मी सुखात होतो. दुपारी चार वाजता लाँच खाडीपलीकडून परत निघाली की सूर्य बरोबर समोर असायचा आणि धक्क्यापर्यंतचं सगळं पाणी नुसतं चमचमायचं. इतर सारंग डोळे बारीक करून अंदाजाने यायचे. दत्तारामांना मात्र पाण्यात रोवलेले बांबू दिसायचे, जाळ्यांवर तरंगणारी बोयरी दिसायची आणि बाबुरावही दिसायचे. बाबुराव हे शिवडीचे एक म्हातारे गृहस्थ. एकटेच लहानशा होडीतून चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, पकडायचे. त्यांची होडी दिसली की दत्ताराम इंजिन हळू करायचे आणि लांबून वळसा घ्यायचे. धक्क्यावर माझं कौतुक व्हायचं. दुसऱ्या लाँचीचा सारंग हितेंद्र मला मागून घ्यायचा, दोन मिनिटं लावायचा आणि नाइलाजाने परत करायचा.

याच हितेंद्रने एकदा कुठलासा व्हिडिओ बघितला. "दत्ताभाऊ, असली पोलराइज्ड कसा ओळखायचा माहितीये? मोबाइलसमोर धरायचा नि फिरवायचा. स्क्रीन काळी झाली तर असली. नाय झाली तर डुप्लिकेट. आण तुझा."

मला भीती वाटली नाही. परीक्षा बरोबर होती आणि ती मी डोळे मिटून दिली असती. पण धक्क्यावर मोबाइल कधी उघडा नसतो, मित्रांनो. खारं पाणी लागून तो बिघडू नये म्हणून प्रत्येक जण तो जाड प्लास्टिकच्या पिशवीत घालून गळ्यात अडकवतो. बोलायचं ते पिशवीतून, बघायचं ते पिशवीतून. ही पिशवी त्यांच्या इतकी अंगवळणी पडली होती की ती मधे आहे हे कुणाच्या लक्षातच आलं नाही.

हितेंद्रने मला पिशवीसमोर धरलं आणि फिरवलं. स्क्रीन काळी झाली नाही. तिच्यावर जांभळे, हिरवे, पिवळे पट्टे उमटले.

"काळं कुठं होतंय? हे तर होळी खेळल्यासारखं दिसतंय. गंडवलं रे तुला."

सगळे हसले. मी आतल्या आत तडफडत होतो. अरे, स्क्रीनचा उजेड त्या प्लास्टिकमधून येताना बदलतो, म्हणून हे रंग दिसतात, आणि तेही फक्त खऱ्या पोलराइज्ड भिंगातूनच! साध्या गॉगलातून यातलं काहीच दिसलं नसतं. ते रंग माझे साक्षीदार होते आणि त्यांच्याच जोरावर मला खोटं ठरवलं जात होतं. मला तोंड असतं तर मी ओरडलो असतो.

दत्ताराम हसले नाहीत. ते हळूच म्हणाले, "पोरीला कुणीतरी फसवलं. तिच्या कानावर घालू नको हां. पहिल्या पगाराचा आहे."

तिला सांगितलं असतं तर तिने निदान पिशवी तरी काढायला लावली असती. पण त्यांची माया आडवी आली. त्यांनी दादरच्या फुटपाथवरून एक कुट्ट काळा गॉगल आणला आणि मला रुमालात गुंडाळून लाँचीच्या केबिनमधल्या खणात ठेवलं. घरी आकांक्षाला वाटायचं, बाबा अजून तिने दिलेलाच लावतात.

फेब्रुवारीतली गोष्ट. चारची फेरी होती. त्या काळ्या गॉगलातून सगळंच अंधारलं असणार, बाबुरावांची होडीसुद्धा, पण पाण्यावरची चकाकी तशीच डोळ्यांत येत असणार. खणात मला काही दिसत नव्हतं. आधी कुणीतरी ओरडलं, मग लाकूड मोडल्याचा आवाज आला आणि इंजिन बंद झालं. मग दत्तारामांचा आवाज ऐकू आला. ते "बाबुराव, बाबुराव" एवढंच म्हणत होते. मी त्यांच्या हातापासून वीतभर अंतरावर होतो.

बाबुराव वाचले. त्यांचा उजवा हात कोपरापासून गेला. शिवडीच्या चिखलात त्यांची होडी अजून उपडी पडून आहे म्हणतात. दत्तारामांनी त्या दिवसापासून सुकाणूला हात लावला नाही. लाँचवाल्यांनी त्यांचा डबा, टॉवेल आणि मला घरी पाठवून दिलं.

गेल्या महिन्यात आकांक्षाने ते सामान उघडलं. समोर तिचा ऑफिसचा लॅपटॉप चालू होता. तिने मला सहज डोळ्यांवर चढवलं आणि खाली पडलेला रुमाल उचलायला मान तिरकी केली. स्क्रीन काळीभोर झाली. तिने मान सरळ केली, पुन्हा तिरकी केली. असा गॉगल डोळ्यांवर असताना बाबांना होडी दिसली नाही, हे तिला पटेना.

दत्ताराम दारात उभे होते. "काय बघतंस गो?"

"हा तुम्ही लावत नव्हता?"

"तो नकली निघाला. तुला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही." मग त्यांनी विचारलं, "नकलीच होता ना गो?"

तिने मला डोळ्यांवरून काढलं नाही. काढलं असतं तर त्यांना तिचे डोळे दिसले असते.

"हो बाबा," ती म्हणाली. "मी फसलेच होते."

मित्रांनो, तुमचा गॉगल जरूर तपासा. मोबाइलवरची पिशवी, कव्हर, सगळं काढा आणि मग गॉगल समोर धरून सावकाश पाव फेरा फिरवा. एका स्क्रीनवर जमलं नाही तर दुसरीवर बघा. पाण्यावरच्या चकाकीकडे बघा. नुसता काळा आहे म्हणून कुणावर भरवसा ठेवू नका आणि एका परीक्षेत कुणाला निकालात काढू नका. पण माझगावच्या त्या चाळीत कधी आलात आणि गॅलरीत बसून राहिलेले दत्ताराम दिसले, तर त्यांच्यासमोर मला तपासू नका. त्या घरात मी नकली आहे. नकलीच राहू द्या.