उरलेलं खाणं

औषध टोचून मधुमेह जडवलेले चाळीस पांढरे उंदीर होते. त्यातल्या विसांना ती रोज ॲलर्जीची साधी गोळी पाण्यातून पाजत होती. तिसऱ्या आठवड्यात त्या विसांची साखर निम्म्यावर आली. प्रयोगशाळेत कुणाला सांगण्याआधीच तिने जेवताना आईवडिलांना सगळं सांगून टाकलं.

वडिलांनी जन्मभर घड्याळं दुरुस्त केली. बारा वर्षं इन्शुलिन टोचून त्यांच्या पोटाची चाळण झाली होती.

"चंगळ आहे उंदरांची," ते म्हणाले. "आमची सुई कधी सुटणार?"

"सुटेल हो, बाबा," ती हसत म्हणाली.

पंधरा दिवसांनी, तिने लेखही छापायला पाठवून दिल्यावर, पिंजरे साफ करणाऱ्या मावशी तिच्या टेबलापाशी घुटमळल्या. "बाई, एक बोलू? ते गोळीवाले उंदीर नुसते पेंगत पडलेले असतात. खातच नाहीत. त्यांचं निम्मं खाणं रोज केरात जातं."

"मग आधी नाही का सांगायचं?"

"तुम्ही रक्ताचं विचारायचात. खाण्याचं कुणी विचारलं?"

तिच्या लक्षात आलं: साखर गोळीने नव्हे, उपासाने उतरली असणार. पिंजऱ्यांतलं उरलेलं खाणं गोळा करून ती काट्यावर घालतच होती, तेवढ्यात आईचा फोन आला. बाबा हाक मारली तरी उठत नव्हते.

हॉस्पिटलात त्यांच्या श्वासाला नासक्या फळांसारखा वास येत होता. "इन्शुलिन कधीपासून बंद आहे?" डॉक्टरांनी विचारलं. आईला काहीच ठाऊक नव्हतं. आईला तिथेच बसवून ती धावत घरी गेली. फ्रिजमधली नवी बाटली फोडलेलीच नव्हती. वडिलांच्या हत्यारांच्या खणात ॲलर्जीच्या गोळ्यांची चार रिकामी पाकिटं निघाली.

संध्याकाळी ते जरा शुद्धीवर आले. "उंदरांना लागू पडली ना गं," एवढंच पुटपुटले. ती त्यांचा हात धरून बसून राहिली. तिसऱ्या दिवशी ते गेले.

कामावर परतल्यावर तिने गोळी न घेणाऱ्या उंदरांनाही निम्मंच खाणं घातलं. त्यांचीही साखर तेवढीच उतरली. छापायला पाठवलेला लेख तिने परत मागवला आणि घरी येऊन आईला सांगितलं.

आई वडिलांचे शर्ट घडी करत होती. "म्हणजे तू सांगितलंस ते खरं नव्हतं?"

"तेव्हा मला खरंच वाटलं होतं, आई."

आईने हातातला शर्ट बाजूला ठेवला, दुसरा उचलला.

"त्यांनाही वाटलं," ती म्हणाली.